‘हव’ म्हणजे समजलं, असं नाही

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. धंतोलीतल्या माझ्या मेडिकलमध्ये त्या वेळी काटोलकडचे एक आजोबा दम्याचा पंप कसा ओढायचा, ते मला सांगत होते. हो, तेच मला सांगत होते. आमच्या दुकानात असंच असतं, त्याचं कारण पुढे येईलच. “आधी हलवतो, मंग श्वास सोडतो, मंग...” इथं ते अडले होते. मी फोन कानाला लावून म्हणालो, “प्रज्ञा, दोन मिनिटं थांब बेटा.” ती थांबली. आजोबांनी उरलेलं बरोबर सांगितलं, पिशवी उचलली, पायरी उतरून गेले. मग मी म्हणालो, “हं, बोल.” ती म्हणाली, “काका, आई गेली.”

आई गेल्याची बातमी घेऊन ती पोरगी दोन मिनिटं फोन धरून उभी होती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला लागलो तर तीच म्हणाली, “राहू द्या काका. आजोबांचं बोलणं ऐकून राहिली होती मी. आईनं पण थांबवलंच असतं मले.” याला आता पाच आठवडे झाले. इंदोऱ्याला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा माणसं घरात मावेनात, रस्त्यावर खुर्च्या टाकाव्या लागल्या. बरेच जण बोलले. मलाही बोला म्हणाले. मी उठलो, ‘जय भीम’ म्हणालो आणि तसाच खाली बसलो. तिथं राहून गेलेलं इथं लिहितो आहे.

प्रज्ञाची आई, म्हणजे आमच्या सुमनमावशी, धंतोलीतल्या एका नर्सिंग होममध्ये ओपीडीच्या दारात बसायच्या. पेशंटची नावं पुकारायची, फायली आत न्यायच्या, म्हाताऱ्यांना हात धरून उठवायचं, हे त्यांचं काम. शिक्षण सातवीपर्यंत. नवरा वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमालीला होता, तो लवकर गेला, आणि याच नोकरीवर त्यांनी प्रज्ञाला शिकवून शिक्षिका केलं. खेड्यावरची माणसं त्यांना ‘सिस्टर’ म्हणायची. त्या लगेच दुरुस्त करायच्या, “सिस्टर आत आहे वं, मी मावशी आहो.” त्यांना आणखी एक काम होतं, जे कुणी सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांकडून पेशंट बाहेर आला की त्या त्याच्या शेजारी बाकावर बसायच्या आणि म्हणायच्या, “हं, आता उलटं सांगा. घरी जाऊन काय कराचं?” डॉक्टरांनी जे सांगितलं ते पेशंटनं मावशींना सांगायचं. चुकलं तर पुन्हा. त्यावरून वॉर्डबॉय लोकांनी त्यांचं नाव ‘उलटीवाली मावशी’ पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं, आणि त्या स्वतःच हसायच्या.

मी नव्हतो हसत. मला त्यांचा राग यायचा, खराखुरा राग! तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, समोरच्याच एका मेडिकलमध्ये काउंटरवर. आमचं घर मूळचं उमरेडच्या कोष्ट्यांचं. घरातला माग बंद पडताना बाबांनी डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून त्यांनी हट्टानं मला डी.फार्म. करायला लावलं. पांढरा कोट अंगात आला आणि मी स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागलो. संध्याकाळी ओपीडी सुटली की काउंटरवर ही झुंबड. मी गोळ्या काढता काढता तोंडानं गाडी सोडायचो, “ही सकाळी, ही जेवून, ही झोपताना, चला पुढे.” आणि नेमक्या तेव्हा मावशी एखाद्या म्हातारीला घेऊन यायच्या आणि काउंटरवरच तिला उलटं सांगायला लावायच्या. मागची रांग कुरकुरायची. एकदा मी सगळ्यांसमोर ओरडलो, “मावशी, तुमची शाळा तिकडे भरवा ना!” मावशी म्हातारीला बाजूला घेऊन गेल्या आणि पायरीवर बसून तिच्याकडून वदवून घेतलं.

मग पार्वताबाईंचं झालं. या सावनेरजवळच्या एका खेड्यातल्या. थायरॉइडचा त्रास होता. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज सकाळी रिकाम्या पोटी एक. त्या दिवशी मावशी रजेवर होत्या. मी शंभर गोळ्यांची बाटली पुढे सरकवली आणि आमच्या बोलीत म्हणालो, “उपासपोटी एक.” बाई मान हलवून म्हणाल्या, “हव जी.” मी पुढचं गिऱ्हाईक घेतलं. तीन महिन्यांनी त्यांच्या नवऱ्यानं त्यांना जीपमध्ये घालून आणलं. तोंड सुजलेलं, अंग थंड, हाका मारल्या तर धड डोळे उघडत नव्हत्या. आत डॉक्टरांची धावपळ, आणि बाहेर मावशींनी नवऱ्याच्या पिशवीतून औषधाची बाटली काढून हलवून पाहिली. बाटली धड वाजेना, जवळजवळ भरलेली होती! नवरा बिचारा हात जोडून सांगत होता, “उपासालेच खाल्ली जी तिनं. चतुर्थी, एकादशी, एकही उपास चुकवला नाही.”

उपासपोटी म्हणजे उपासाच्या दिवशी... त्या बाईनं माझं ऐकलं होतं हो. अक्षरशः ऐकलं होतं.

मावशी बाटली घेऊन दुकानात आल्या. मला वाटलं आता तमाशा होणार. पण त्यांनी दुकान रिकामं होईपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, “त्या बाईले काय सांगतलं होतं तू?” मी सांगितलं. “अन् ते काय म्हनली?” “हव जी म्हणाली.” मग मी उसळलो. “समजलं म्हणूनच हव म्हणाली ना? नसतं समजलं तर विचारायचं! मी काय प्रत्येकाच्या घरी जाऊन गोळी भरवू?” मावशींनी बाटली काउंटरवर ठेवली. “ ‘हव’ म्हणजे समजलं, असं नाही गा दिलीप. ‘हव’ म्हणजे तुह्या कोटाचा मान ठेवला तिनं.” एवढंच बोलल्या आणि गेल्या.

मी तावातावानं मालकाला, बाजूच्या दुकानदाराला, ज्याला त्याला पटवत सुटलो की यात माझी काही चूक नाही. सगळ्यांना पटलं, एक मी सोडून. जेवणाचा डबा उघडायचो आणि तसाच बंद करायचो. रोज दुपारी समोर जाऊन काचेतून त्या बाईंना पाहायचो. त्यांच्या नवऱ्याला वाटायचं, मी दवाखान्यातलाच कुणीतरी आहे, तो उठून उभा राहायचा. तो उभा राहिला की मला पळून जावंसं वाटायचं. दहाव्या दिवशी पार्वताबाई उठून बसल्या, चहा मागितला. मी मालकाला सांगून टाकलं, मी नोकरी सोडतो, चुलतभावाच्या साड्यांच्या दुकानात जातो. साडी चुकीची दिली तर कुणी मरत तरी नाही! मावशींच्या कानावर ते गेलं. म्हणाल्या, “जाशील, जा. पर आधी एक दिवस माह्यासंग सावनेरले चाल.”

महिनाभरानं एका रविवारी आम्ही एसटीनं गेलो. माफी मागायची म्हणून मी वाक्यं पाठ केली होती. अंगणात पार्वताबाई उन्हाला बसल्या होत्या, तोंडावरची सूज उतरलेली. त्यांनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “बसा जी. एवढ्या दुरून माह्यासाठी आले, लय उपकार झाले तुमचे.” आणि मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं ताट पुढे केलं. निघताना पिशवीभर ओल्या शेंगा वेगळ्या. मी पाठ केलेलं एकही वाक्य बोललो नाही. शेंगा खाल्ल्या, पिशवी घेतली आणि निघालो. असा मी शूर!

परतीच्या बसमध्ये मावशी शेंगा सोलत होत्या. मी म्हणालो, “मावशी, तिनं माझे आभार मानले. माझे! मी चोर आहे चोर.” त्या म्हणाल्या, “तू ते घेतले ना?” “घेतले.” “मंग आता वापस कराचं नाव नोको काढू. घेतले तर कमव त्यायले.” आणि मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. मी साड्यांच्या दुकानात गेलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मावशी स्वतःचा जेवणाचा वेळ मोडून माझ्या काउंटरशी उभ्या राहायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. दोन वर्षं हे चाललं, आणि सोपं नव्हतं, कारण बाई भारी हट्टी होती. “दिवसातून तीनदा म्हनू नोको. तिच्या घरी घड्याळ आहे काय, विचारलं?” “उपासपोटी बंद. चूळ भरली की गोळी, मंग अर्ध्या तासानं चहा, असं सांग.” “नजर दुसरीकडे असन तर पुन्हा विचार, तो ऐकून नाही राहिला.” कधी मी वैतागायचो, कधी आमचं भांडण व्हायचं आणि दोन-दोन दिवस अबोला चालायचा. पण हळूहळू मला त्यात गंमत यायला लागली. माणसं उलटं सांगताना केवढं काय सांगतात! गोळी सुनेच्या हातात आहे, फ्रिज शेजारणीकडे आहे, नवऱ्यापासून औषध लपवायचं आहे... यातलं काहीच चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. पुढे मी त्याच रस्त्यावर, नर्सिंग होमसमोर, स्वतःचं दुकान टाकलं. माझ्याकडे कामाला येणाऱ्याला मी आधी हेच शिकवतो, आणि ते शिकून गेलेली पोरं आज विदर्भात ठिकठिकाणी आपापल्या काउंटरवर उभी आहेत. मावशींना हे सांगितलं की म्हणायच्या, “बापा, लय झालं. चहा सांग.”

कौतुक त्यांना सोसायचं नाही. त्या रिटायर झाल्या तेव्हा नर्सिंग होमनं शाल-श्रीफळाचा घाट घातला, तर या म्हणाल्या, “शाल घरी तीन आहेत. त्यापेक्षा बाहेरच्या बाकाले पाठ लावून द्या, दूरदूरून आलेली माणसं वाकून बसतात.” तसा बाक खरंच आला. त्यावर मावशींचं नाव नाही, पण रोज कुणी ना कुणी त्याला पाठ टेकून बसलेलं मला दुकानातून दिसतं.

एक गोष्ट मात्र माझ्याच्यानं झाली नव्हती. पार्वताबाई पुढे वर्षानुवर्षं माझ्याकडूनच गोळ्या न्यायच्या. येताना कधी शेंगा, कधी कुरड्या, कधी जवसाची चटणी आणायच्या. चूक माझी होती, हे एक वाक्य मी पंचवीस वर्षांत त्यांच्यापुढे बोललो नाही. मावशींना विचारायचो, “आता सांगू का?” तर त्या म्हणायच्या, “तुह्यं तू पाहा.” आणि गालातल्या गालात हसायच्या. मला त्या हसण्याचाही राग यायचा.

अलीकडे पार्वताबाईंचे गुडघे धरले, त्यांचं येणं थांबलं. मी गोळ्या बसनं पाठवतो. त्यांना मावशींची बातमी कुणी दिली नसणार, म्हणून गेल्या रविवारी मी स्वतः सावनेरला गेलो. सांगितलं. त्या मोठ्यानं रडल्या, “माय गेली वं माही...” त्या शांत झाल्या तेव्हा मी म्हणालो, “पार्वताबाई, आणखी एक सांगायचं आहे. तेव्हा ‘उपासपोटी’ मीच म्हणालो होतो. तुम्ही मरता मरता वाचल्या ते माझ्यामुळे. त्या दिवशी हेच बोलायला आलो होतो, हिंमत झाली नाही.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “मले मालूम आहे ना जी.”

“तुम्हाला? कुणी सांगितलं?”

“दवाखान्यातच सांगतलं होतं मावशीनं. म्हने, पोट्टा चांगला आहे, पर त्यानं जेवन सोडून देल्लं. तुह्या घरी आनतो त्याले. तुले रागवाचं असन तर रागव, तुहा हक आहे.”

“मग रागावल्या का नाहीत?”

“रागवनारच होती! काय काय बोलाचं, समदं ठरवून ठेवलं होतं. तुमी अंगनात आले अन् तोंड पाहलं तुमचं... म्हनलं, जाऊ दे.”

“मग ते उपकार झाले म्हणालात, ते उगीच?”

“उगीच काहून?” त्या जरा रागावूनच म्हणाल्या. “लोकं चुकतात अन् तोंड लपवतात जी. चुकून मंग घरी कोन येते?”

पार्वताबाईंनी उठून पाण्याचा गडवा आणून दिला आणि पाठीवर हात ठेवला. बावन्न वर्षांचा मी त्या अंगणात बसून लहान पोरासारखा रडलो, मावशींसाठी, आणि त्यांनी तेव्हाच माझ्यासाठी करून ठेवलेल्या त्या एका गोष्टीसाठी, जी त्यांनी मला मरेपर्यंत सांगितली नाही.