दोन घोट चहा आणि चौसष्टचा आकडा

वडीगोद्रीत 'कचरू लॅबवाला' म्हटलं की लहान लेकरं बाहीत दंड लपवतात. हायवेला टायरच्या दुकानाशेजारी त्याची रक्त तपासायची खोली. बावीस वर्षांत निम्म्या गावाला त्याने सुई टोचली, उरलेल्या निम्म्याला फुकटचा सल्ला दिला. डॉक्टरच्या आधी रिपोर्ट आपल्याला कळतो, याचा त्याला भारी तोरा. घरी तो तोरा चपलांपाशीच राहायचा. बायको तुळजाबाई म्हणायची, "लोकाचं रक्त वाचून राह्यलेत, घरातलं मीठ संपलं ते कोण वाचंल?"

त्याच तुळजाबाईचं तोंड सोमवारी भाकरी थापता थापता वाकडं झालं. उजवा हात परातीतच पडून राहिला.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर अर्पितांनी सांगितलं, मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकली आहे. रक्ताचा रिपोर्ट आला तसं त्यांनी कचरूला बाजूला घेतलं. "काका, सूज दाखवणारा सीआरपी बारा आहे. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागून येणाऱ्या आकड्याकडेही आम्ही लक्ष ठेवून आहोत, तो आज पाच आहे. अशा झटक्यानंतर हे आकडे चढत गेले तर पेशंटला सावरणं जड जातं. हे भविष्य नाही, पण इशारा असतो. आणि गिळता येतं का ते तपासेपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही."

कचरूने मान डोलावली. त्याला काय सांगायचं, तो लॅबवाला.

मंगळवारी सकाळी मुलगी राजनंदिनी अंघोळीला गेली. शेजारच्या खाटेवर चहा आला होता आणि तुळजाबाई त्या कपाकडे टक लावून होती. "च..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. कचरूला राहवलं नाही. त्याने चहा आणला, बशीत ओतला, फुंकर घालून दोन घोट पाजले. ती जोरात ठसकली. त्याने तिची पाठ चोळली, ओठ पुसले आणि बशी धुऊन जागेवर ठेवली.

बुधवारी रिपोर्ट त्याच्याच हातात पडला. सीआरपी चौसष्ट. खाली न्यूट्रोफिल शहाऐंशी, लिम्फोसाइट आठ. हे दोन आकडे त्याने जन्मभर एकाखाली एक लिहिले, पण एकाला दुसऱ्याने भागलं कधीच नव्हतं. डॉक्टरबाई भागतात म्हणून त्यानेही भागलं. सोमवारी उत्तर पाच होतं, आज दहाच्या वर. असा कागद आला की गिऱ्हाइकाला तो म्हणायचा, "थोडी सूज आहे." आता 'थोडी' जिभेवर येईना.

"काय आलं, पप्पा?"

"बघून राह्यलो."

"कागद उलटा धरून?"

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. आकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "एकदम एवढे चढले. कुठे इन्फेक्शन आहे का? तोंडाने काही दिलंत?"

"न्हाई मॅडम," राजनंदिनी म्हणाली. "मी नव्हते तव्हा पप्पा इथंच होते."

कचरूच्या मनात आलं, गप्प राहिलो तर सगळा दोष मेंदूच्या झटक्यावर जाईल, लेकीला कधी कळणार नाही. पण तुळजाबाईची छाती घरघरत होती, आणि ती घरघर त्याला आता साफ ऐकू येत होती.

"चहा दिल्ता," तो म्हणाला. "काल. दोन घोट. मीच."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, त्याचीच त्याला जास्त धास्ती वाटली. त्यांनी छाती तपासली. "उजव्या फुप्फुसात खाली आवाज आहे. घोट श्वासनळीतून आत उतरलेला दिसतोय." एक्स-रे, अँटिबायोटिक, अन्नासाठी नाकातून नळी, सगळं भराभर झालं. "आकडे मेंदूच्या मारानेही चढतात. पण या कारणावर इलाज तरी आहे. उद्या आणखी वाढतील, औषधाला वेळ लागतो."

राजनंदिनी हळूच म्हणाली, "आख्ख्या गावाला शिकवता की तुमी." मग दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

गुरुवारी सीआरपी एक्क्याण्णव. वाढेल म्हणून सांगितलेलं होतं, तरी त्या दिवशी कचरूच्या तोंडात घास गेला नाही. तुळजाबाई खोकली की तो उठून उभा राहायचा, आणि उभं राहून काय करायचं ते न कळून परत बसायचा.

शुक्रवारी कागद राजनंदिनीने घेतला. सीआरपी सत्तर. डॉक्टरबाई म्हणाल्या, "उतरतोय. जिवाचा धोका कमी झाला. हाताचं आत्ताच सांगता येणार नाही."

त्या गेल्यावर राजनंदिनीने कागद कचरूपुढे धरला. "ते भागायचं कसं, दाखवा मला."

त्याने पेन घेतला. ब्याऐंशी भागिले बारा. आकडे वेडेवाकडे आले.

"सातला थोडं कमी," ती म्हणाली. "आनखी खाली यायला पाह्यजे ना?"

"पाह्यजे," कचरू म्हणाला, आणि त्याने तोच भागाकार पुन्हा एकदा करून पाहिला.