बारावा वाटा

साखऱ्यात बारा जण मिळून बोकड कापतात, तेव्हा वाटे घालायला महेबूबचाचाच लागतात. घालणाऱ्यानं आपला वाटा शेवटी उचलायचा, असा रिवाज. म्हणून एकही वाटा उन्नीस-बीस होत नाही. त्या रविवारी मात्र पळसाच्या पानांवर वाटे अकराच पडले.

"चाचा, तुमचा न्हाई व्हय?" सूर्यकांतनं विचारलं.

"तुमच्यातच घातला. तुमची बिलकीसचाची गेल्यावर आमच्याकडं रांधतंय कोण?"

"लई दिलदार, चाचा!" म्हणत सगळे हसले आणि पिशव्या भरून गेले.

चाचा मुद्दाम फळी दोनदा धूत बसले. कुणीतरी जेवायला बोलवायला मागं फिरेल, ही आशा. दुपारी अकरा घरांतून रश्शाचा वास आला. चाचांनी दार लोटून घेतलं आणि शिळी भाकरी ताकात कुस्करली.