ओल्या टॉवेलची घडी

"मग काय तसाच पडू द्यायचा होता?"

"हो."

"ओला टॉवेल? कोरड्या बुटांवर?"

"बुटांवर, गवतात, कुठेही. तुम्ही कठड्याच्या बाहेर उभं राहायचं होतं. एवढं एकच काम होतं तुम्हाला. उभं राहणं."

शर्यत सकाळीच संपली होती. भांडण दुपारच्या जेवणापर्यंत पोचलं होतं आणि दमलेलं दिसत नव्हतं. टेबलाच्या एका बाजूला नवरा, समोर बायको, मध्ये सासूबाई, आणि कडेला मुलगी, एका हाताने जेवत, दुसऱ्या हाताने फोनवर निकाल पुन्हा पुन्हा उघडून बघत. निकाल काही बदलत नव्हता.

खाली त्यांची लॉन्ड्री होती, वर घर. गिऱ्हाइकं बायकोला वहिनी म्हणत, त्यामुळे सगळा रस्ताच वहिनी म्हणे. दिवसभर इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून वहिनींचे गुडघे धरले, तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. मुलगीही सोबत म्हणून जाऊ लागली. आठवड्यातच मुलीला पाणी थंड वाटायला लागलं. वहिनींना वाटलं नाही. पोहण्याच्या तलावावर एक शिक्षक होते, त्यांनी विचारलं, सायकल येते का? सायकल येत होती. धावता येतं का? त्यावर वहिनी म्हणाल्या, लॉन्ड्री चालवते, दुसरं काय करते. अशा रीतीने त्या ट्रायथलॉनमध्ये गेल्या. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, मध्ये कुठेही थांबायचं नाही.

"तीन-तीन प्रकारे जायचं," सासूबाई म्हणत, "आणि शेवटी यायचं कुठे, तर निघाली तिथेच."

गेल्या वर्षी वहिनी मध्ये थांबल्या. पोहून आल्यावर जिथे सायकली ओळीने लावलेल्या असतात, तिथे बाकीचे लोक टोपी फेकून, टॉवेल भिरकावून सायकलवर उड्या मारत होते. वहिनींनी टॉवेल पिळला, झटकला, तीन पदरी घडी घातली. टोपी आणि चष्मा पिशवीत ठेवला. पिशवीची चेन लावली. शेजारच्या सायकलखाली कुणीतरी टाकलेला टॉवेलही, दिसलाच म्हणून, दांडीवर वाळत घातला. मग त्या निघाल्या. मुलीने त्याचं चित्रण केलं होतं. ते सगळ्या नातेवाइकांनी बघितलं. जाऊबाईंनी तर फोन करून विचारलं, "अगं, इस्त्री न्यायची राहिली का?"

त्या संध्याकाळी नवऱ्याने अट घातली. दुकान सकाळी सातला उघडायचं, कारण कामावर जाणारे लोक जाताना शर्ट घेऊन जात. वहिनी सरावाला गेल्या की ती वेळ त्याच्या एकट्याच्या अंगावर पडे. "आणखी एक वर्ष मी सकाळ सांभाळतो," तो म्हणाला. "पुढच्या शर्यतीत यापेक्षा कमी वेळ आली, तर तुझी सकाळ तुझी. नाही आली, तर बास. परत सातला दुकानात." सासूबाई साक्षीला होत्या. वहिनी हो म्हणाल्या. त्यांना अट सोपी वाटली. नुसतं घडी न घालता पुढे जायचं होतं.

ते सोपं नव्हतं. त्यांनी घरात सराव केला. न्हाणीघरातून ओल्या अंगाने बाहेर यायचं, टॉवेल जमिनीवर टाकायचा आणि वळून न बघता जिन्यापर्यंत जायचं. पहिल्या दिवशी त्या जिन्यावरून परत आल्या. महिन्याभराने परत न येता खाली दुकानापर्यंत पोचू लागल्या. मागे टॉवेल कोण उचलतं याची चौकशी त्यांनी केली नाही. ती करायला हवी होती.

इकडे नवऱ्याने सकाळ सांभाळली, म्हणजे डॉक्टरांचा पांढरा कोट बेकरीवाल्याला गेला. बेकरीवाल्याने तो दोन दिवस घातला. खिशाला पेन कशाला लावलंय, एवढंच त्याने येऊन विचारलं. पण नवऱ्याने तक्रार केली नाही. शब्द दिला होता.

आज सकाळी वहिनी पाण्यातून बाहेर आल्या, टॉवेल टाकला, टोपी टाकली, सायकल काढली आणि गेल्या. कठड्यापाशी मुलीने टाळ्या वाजवल्या. सायकलवरून परत येईपर्यंत वहिनींना खात्री होती की आपण गेल्या वर्षीच्या पुढे आहोत. सायकल जागेवर लावली आणि त्यांनी खाली बघितलं. टॉवेलची तीन पदरी घडी, कडा आतल्या बाजूला. अशी घडी जगात दोनच माणसं घालतात, आणि त्यातलं एक आत्तापर्यंत सायकलवर होतं.

स्पर्धकाच्या सामानाला बाहेरच्या माणसाने हात लावला, तर स्पर्धकाला दोन मिनिटांचा दंड. हे लाउडस्पीकरवर तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा नवरा स्कूटर लावायला जागा शोधत होता.

"पंचांना मी म्हटलं," नवरा आता भाताचा घास हातात धरून सांगत होता, "की मी बाहेरचा नाही, नवरा आहे."

"मग?"

"ते म्हणाले, तेच तर."

मुलगी फसकन हसली. वहिनींनी तिच्याकडे बघितल्यावर तिने फोनमध्ये तोंड घातलं. "आई, खरं तर तू सव्वा मिनिट लवकर आलीस," ती म्हणाली. "दंड धरून पाऊण मिनिट उशिरा."

"म्हणजे उशिराच," नवरा म्हणाला. ते बोलून त्याला बरं वाटलं असं काही दिसलं नाही. पण तो बोलला.

वहिनींनी चमचा खाली ठेवला. "एक विचारू? मुद्दाम केलंत?"

नवऱ्याने हातातला घास पुन्हा कालवला.

"मुद्दाम केलं असतं," नवरा शेवटी म्हणाला, "तर कडा आत घेतल्या असत्या का?"

"त्याने मुद्दाम नाही केलं गं," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणी ताप चढला, पोटात ढवळलं, की हा आधी पांघरुणाची घडी घालायचा आणि मग मोरीकडे पळायचा. एकदाही वेळेवर पोचला नाही. जित्याची खोड आहे ती."

"आई, जेवताना."

"खरं तेच सांगते. तुझ्या बाजूनेच बोलतेय."

वहिनींना ते पटलं. पटलं, हीच पंचाईत झाली. लबाडी असती तर अट मोडीत काढता आली असती. हा माणूस कठडा ओलांडून आत शिरला, शेदीडशे लोकांसमोर वाकला आणि बायकोचे बूट ओले होऊ नयेत म्हणून टॉवेल उचलला. आणि उचललेला टॉवेल घडी न घालता ठेवणं त्याच्या हाताला माहीत नव्हतं. असल्या माणसावर किती वेळ चिडणार? वहिनींनी हिशेब केला, की संध्याकाळपर्यंत चिडता येईल.

"पण अट म्हणजे अट," नवरा हळूच म्हणाला. "आपण ठरवलं होतं. कागदावर जी वेळ येईल ती. नाही का गं आई?"

"ठरलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मी होते." मग जरा थांबून, "पण कठड्यावर चढायचं नाही, असं ठरवायला कोणाला सुचलं नाही."

"पुढच्या वर्षी बाबांना दुकानातच ठेवू," मुलगी म्हणाली.

"पुढचं वर्ष नाहीये," नवरा म्हणाला. "तेच सांगतोय मी."

वहिनींनी उरलेला भात संपवला. पाणी प्यायल्या. मग ताट उचलून उभ्या राहिल्या, आणि एखाद्या गिऱ्हाइकाला कपडे कधी मिळतील ते सांगावं तशा आवाजात म्हणाल्या,

"अट मी हरले. म्हणून सकाळी दुकान उघडायला मी असेन. पण दुकान उद्यापासून नऊला उघडेल. ज्यांना लवकर कामावर जायचंय, त्यांनी शर्ट आदल्या संध्याकाळी न्यावेत. पाटी मी पहाटे पोहायला जाताना लावून जाईन."