माझ्या पत्रिकेतल्या मंगळाचा फोटो

आज सकाळी मला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाची मावशी आईला हळूच म्हणाली, "मुलगी पसंत हाय, पण पत्रिकेत मंगळ हाय की. आमचे गुरुजी जन्मवेळ जरा मागंपुढं करून देतील. कुणाला कळायचं न्हाय."

आईनं लगेच होकारार्थी मान हलवली. माझं डोकंच फिरलं.

तुम्हाला माहीतच आहे, अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी रोज मंगळावर फिरणाऱ्या रोव्हर गाडीनं पाठवलेले नवे फोटो बघते. मी फोन काढून मावशीसमोर धरला. "हा बघा मंगळ. माती, दगड आणि गाडीच्या चाकांचे माग. यातलं काय तुमच्या मुलाला खाणार आहे?"

मावशीनं चष्मा लावून नीट बघितलं. "हे तर आमच्या शेताकडच्या माळासारखं हाय की."

"मग एका माळाला घाबरून मी माझी जन्मवेळ का बदलू?"

"कळवतो" म्हणून पाहुणे गेले. या कळवण्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. आई दुपारपासून माझ्याशी बोलत नाही.

नसू दे. त्या गाडीच्या चाकांना दगडांनी भोकं पाडली, तरी ती तिथंच चालतेय. माझा मंगळही पत्रिकेत आहे तिथंच राहील.

तुमच्यातल्या किती जणींची वेळ अशी गुपचूप बदलली? खरी वेळ खाली लिहा. सुरुवात मी करते: पहाटेची, मंगळासकट.