सात नंबरचा चहा

तिला सगळा वॉर्ड हळूबाई म्हणायचा. पायात रबरी तळव्यांचे बूट, बोलणं अगदी कानाशी, आणि इंजेक्शन देण्याआधी दोन्ही तळहात चोळून ऊब आणायची सवय. "थंड हात लागला की माणूस आधी दचकतं, मग त्याला दुखतं," असं तिचं म्हणणं. अठ्ठावीस वर्षं नर्स म्हणून नोकरी झाली, पण तिने आवाज चढवलेला कुणाला आठवत नव्हता. एकदा औषधांच्या ट्रॉलीचं चाक तिच्या अंगठ्यावरून गेलं, तेव्हा ती "अगंबाई" म्हणाली म्हणे, तेही ट्रॉलीलाच ऐकू जाईल एवढंच.

तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे फौजदारीण. दारातून आधी हिचा आवाज प्रवेश करायचा, मागून ती. दोघी एकाच दिवशी नोकरीला लागल्या, दुपारी दोघींचे डबे एकत्रच उघडायचे. हळूबाईची आई अंथरुणाला खिळली तेव्हा फौजदारणीने दोन महिने तिच्या रात्रपाळ्या अंगावर घेतल्या. हळूबाई आभार मानायला गेली, तर "हो बाजूला, कामं पडलीयत" म्हणून तिला हाकलून दिलं. असलं प्रेम माणसाला जन्मभर मिंधं करून ठेवतं.

आता त्या वॉर्डातली एक जुनी खोड सांगायला हवी. पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला एकेका खाटेची माहिती देते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. नव्या मुलीला ओव्हर देताना इथे एखादी गोष्ट मुद्दाम गाळत. तिने फाइल वाचून ती शोधली तर ठीक, नाही तर सगळ्यांदेखत तिची हजेरी! या प्रकाराला नाव होतं चाळणी. हळूबाईसुद्धा चाळणीतून गेली होती. तेव्हा कपाटाच्या किल्लीची जागा तिला सांगितली नव्हती, आणि ती दुपारभर चादरींच्या खोलीत रडत बसली होती.

आठ महिन्यांपूर्वी आलेली एक मुलगी अजून 'नवी'च होती. "ए नवी, बेडपॅन!" "ए नवी, कॉलेजात झोपा काढल्यास का?" चहाला तिला कधी बोलावणं नाही, रजेच्या यादीत ती कायम शेवटी. मुलगी हुशार होती, एका टोचणीत शीर शोधायची. पण फौजदारीण जवळ आली की तिच्या हातातला ट्रे वाजायला लागायचा.

"मनावर घेऊ नकोस गं," हळूबाई तिला एकटीला गाठून म्हणायची. "तोंडाने फटकळ आहे, मनाने लोणी."

मुलगी मान हलवायची. लोण्याचा तिला अजून अनुभव नव्हता.

त्या दिवशी सकाळी फौजदारीण रात्रपाळी संपवून नवीला ओव्हर देत होती. हळूबाई टेबलाशी गॉजच्या घड्या घालत होती. सात नंबरला हर्नियाचे आजोबा होते, दहा वाजता ऑपरेशन. पोटात पाण्याचा थेंब जाता कामा नये. "सात नंबर, ताप नाही, झोप चांगली," एवढंच बोलून फौजदारीण आठ नंबरवर गेली. खाटेला अडकवायची 'उपाशी'ची पाटी टेबलावरच होती. तिच्यावर फौजदारणीने वर्तमानपत्र सरकवलं आणि हळूबाईला एक डोळा घातला.

चहाच्या आधी परत येऊन ती नवीला रंगेहाथ पकडणार होती. पण ऑफिसात सहीसाठी गेली आणि तिथेच अडकली. हळूबाईनेही मनाशी ठरवलं होतं, चहा यायच्या आत मुलीला सांगून टाकू. तेवढ्यात तीन नंबरची सलाईन निसटली, चादर रक्ताने भिजली. ती आवरून हळूबाई वळली, तर नवी सात नंबरपाशी उभी राहून बशीत चहा निववत होती. आजोबांचा दुसरा कप चालला होता.

सर्जनांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. आजोबा म्हणाले, "काल नको म्हणाले होते खरे. पण चहा आपण होऊन आला, तर मला वाटलं, तुमचा विचार बदलला असेल." ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं.

"मी सांगितलं होतं," फौजदारीण मेट्रनबाईंना म्हणाली. "हिचं लक्षच नसतं. काय गं, तू होतीस ना तिथे?"

"मी... तीन नंबरकडे होते," हळूबाई म्हणाली. शब्दाला शब्द खरा होता आणि सगळं मिळून खोटं होतं.

नवीने उद्या अकराला लेखी खुलासा द्यायचा, असा हुकूम झाला. दुपारी हळूबाई चादरींच्या खोलीत गेली, तर नवी गठ्ठ्यावर बसून गुडघ्यावर राजीनामा लिहीत होती.

"सिस्टर, मला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. मग थांबून, "की मीच विसरले असेन हो?"

पोरीचा आता स्वतःच्या कानांवरही भरवसा उरला नव्हता.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शिंपी, मशीनवर मान घालून ऐकत होता.

"दोन महिने रात्री जागलीय ती माझ्यासाठी," ती म्हणाली.

"जागली खरी. पण कापड चुकीचं कापलं गेलं तर जुन्या गिऱ्हाइकालाही सांगावं लागतं. नाही तर बिचारा तोकड्या बाह्यांनी लग्नाला जातो."

"तुम्ही सांगितलंत कधी?"

"छे. धुतल्यावर आखडलं म्हणून सांगितलं." त्याने मशीन थांबवलं. "म्हणूनच सांगतोय. तीस वर्षं झाली, तो शर्ट अजून डोळ्यांपुढून हलत नाही."

दुसऱ्या दिवशी अकराला मेट्रनच्या खोलीत फौजदारीण उभी होती, नवी राजीनाम्याचं पाकीट धरून उभी होती. हळूबाई न बोलावता आत शिरली.

"सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"काय? मोठ्याने बोला."

तिने तळहात चोळले. "सांगितलं नव्हतं! मी ऐकत होते. पाटी वर्तमानपत्राखाली होती, ती मी पाहिली. पाहून गप्प बसले. मेमो द्यायचा तर आधी मला द्या!"

आवाज पार वॉर्डाच्या शेवटपर्यंत गेला. फरशी पुसणाऱ्या मावशी पोछा टेकवून उभ्या राहिल्या. आपल्याकडे एवढा आवाज होता, हे हळूबाईला त्याच क्षणी कळलं.

"घरभेदी," फौजदारीण पुटपुटली. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलली असेल.

मेमो दोघींना मिळाले. चाळणी बंद झाली. यापुढे ओव्हर खाटेपाशी उभं राहून द्यायची आणि घेणारीने प्रत्येक गोष्ट मोठ्याने परत म्हणायची. नवीने पाकीट मेट्रनच्या टेबलावर ठेवलं नाही, फाडलंही नाही. "महिनाभर बघते," म्हणाली आणि खिशात घातलं.

पुढे अकरा दिवस हळूबाई एकटी जेवली. डबा मात्र दोघींपुरताच आणायची आणि अर्धा घरी परत न्यायची. नवरा तो रात्री खायचा.

बाराव्या दिवशी सकाळी फौजदारीण ओव्हर देत होती.

"सात नंबर. उपाशी."

"सात नंबर, उपाशी," नवी म्हणाली. "पाटी?"

"लावलीय. डोळे आहेत ना? बघ." फौजदारणीने वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला मान वळवली. "आणि त्या तिकडच्या बाईंना विचार, नीट ऐकू आलं का. नाही तर जातील बोंबलत मेट्रनकडे."

"आलं ऐकू!" हळूबाई तिकडून म्हणाली. चार पेशंट जागे झाले.

रात्रपाळी संपली तरी फौजदारीण दुपारपर्यंत रेंगाळली. जेवणाच्या वेळी समोर येऊन बसली आणि तिने हळूबाईचा डबा आपल्याकडे ओढला.

"लगेच हसू नकोस. माझा राग गेलेला नाही."

"जेवून कर राग. उपाशीपोटी पित्त होतं."

नवी आपला डबा घेऊन दारातच थबकली होती. फौजदारीण मान वर न करता म्हणाली, "सिस्टर, दार अडवून उभ्या राहू नका. बसा."

ती बसली. हळूबाईला चिकटून, फौजदारणीपासून चांगली हातभर लांब. पण बसली.