मोगऱ्याचं पाणी

काशीदच्या आमच्या अंगणातला मोगरा मी माहेराहून फांदी आणून लावला, पण त्याची हौस माझ्याइतकीच थोरल्या जावेला. दर उन्हाळ्यातला पहिला गजरा तिचा. अंबाडा घालून ती माझ्याकडे पाठ करून बसायची आणि मी गजरा माळायचे.

यंदा शिमग्यानंतर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. विहिरीवरून पाणी आणणं बंद. "तू पाय सांभाळ, झाडांना मी हाय न्हवं," जाऊ म्हणाली. मला अगदी भरून आलं.

आणि मोगऱ्याने मान टाकली. पानांच्या कडा करपल्या, कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या. काठी टेकत मी सुकलेल्या फांद्या छाटल्या, कडुलिंबाचं तेल फवारलं, वर झावळ्यांची सावली केली. कशाचाच गुण येईना. "तू मासळी धुतलेलं पानी घालतेस ना, त्यानंच झालं," जाऊ म्हणाली. आमच्याकडे ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या झाडांनाच जातं. तरी मी ते बंद केलं आणि स्वतःवरच चडफडत बसले.

एका सकाळी भरलेली बादली मोगऱ्यापाशी ठेवून ती पाहुण्यांच्या हाकेला धावली. तिच्याकडे पर्यटकांसाठी खोल्या आहेत. उन्हाने माझा चेहरा तापला होता, म्हणून बादलीतलंच पाणी तोंडावर मारलं. ओठ खारट झाले. हे तर किनाऱ्याकडच्या बोअरचं पाणी! विहिरीचं गोडं पाणी तिच्या खोल्यांच्या टाकीत जात होतं.

ती आल्यावर विचारलं. लाजणं दूरच. "पाव्हन्यांना खारं पानी कसं देऊ? झाडं काय बोलतात व्हय?"

झाडं नाही बोलत. पण तू बोलत होतीस ना! रोज माझ्याशेजारी बसून, करपलेलं पान हातात घेऊन हळहळत होतीस, वर खापर माझ्याच डोक्यावर! मनात का होईना, तिला मी पहिल्यांदाच 'तू' म्हटलं. तोंडाने एवढंच म्हणाले, "वहिनी, उद्यापासून येऊ नका."

मग लंगडत, लहान कळशीने, मीच गोडं पाणी आणलं. आळं पुन्हापुन्हा भरून मातीतला खार खाली जाऊ दिला. वैशाख सरता सरता धुमारे फुटले, कळ्या धरल्या.

पहिला गजरा ओवून झाला तेव्हा ती आली. काही घडलंच नाही अशी, नेहमीसारखी, पाठ करून पायरीवर बसली. अंबाडा घालूनच आली होती.

मी गजरा ओच्यात घेऊन उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं.