अण्णाची खुर्ची, माझ्या मापाची

करंट गेलाय आणि मी खुर्चीत अडकलोय.

पाय वर, डोकं मागं. सूनबाई बँकेतून साडेपाचला येणार. हातात मोबाइल आहे, म्हणून घरच्या ग्रुपवर लिहितोय.

आधी विचारपूस. रेखा, बीपी काय म्हणतंय? गोळी चुकवू नकोस.
जावईबापू, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता पेपर नीट दिसतो का?
सुमन, बेळगावच्या थंडीत तुझे गुडघे बोलायला लागले असतील. तेल लाव, आळस करू नकोस.
बाकी मंडळी, आपापली शुगर सांभाळा.

आज अण्णाला जाऊन सोळा वर्षं झाली.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, रेखाचे वडील. हुबळीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. मी सातवीत शाळा सोडली. पुढचं सगळं अण्णाच्या गादीवर शिकलो.

पहिला धडा एकच. "बाळू, आधी गिऱ्हाईक बघ, मग कापडाचं ठाण काढ. धिप्पाड बाईपुढं तोकडं लुगडं टाकलंस, की ती चप्पल घालून निघालीच म्हणून समज."

दिवसातून पन्नास वेळा गादीवरून उठणारा माणूस. म्हातारपणी हातपाय कापायला लागले आणि बसला की उठता येईना.

त्याचं मागणं फार नव्हतं.

"मला मोरीत एकट्याला जाऊ दे. कडी आतून लावू दे. बाकी काय करायचं ते करा."

फिजिओ म्हणाला, बटण दाबलं की माणसाला उभं करणारी खुर्ची मिळते. बेंगळूरला.

रेखाचा बेंगळूरहून फोन आला. "काका, अण्णांना घेऊन या. त्यांना बसवून बघू."

मी म्हटलं, "कशाला त्याला रात्रभर रेल्वेत हाल? मी आहे की. चाळीस वर्षं माल पारखलाय."

शोरूममध्ये जाऊन मी काय पारखलं?
कापड.

दोन बोटांत धरून चोळलं. वीण बघितली. शिवण ओढून बघितली. सेल्समनला म्हटलं, "हे रेक्झिन नको, घामानं चिकटतं. ते तपकिरी दाखव." तो पोरगा बघतच राहिला.

मग मी स्वतः बसून बघितली. बटण दाबलं. काय सुख! पाय छान टेकले.

मी पावणेसहा फूट. अण्णा पाच फूट एक इंच.

जुन्या हुबळीतल्या आमच्या बोळात खुर्ची आली ती चौघांच्या खांद्यावर. दारातून जाईना. शेवटी चौकट काढून आत घेतली, चौकट परत बसवली.

अण्णाला बसवलं. पाय लोंबकळायला लागले, शाळेच्या बाकावरच्या पोरासारखे. बटण दाबलं, तर पाय टेकायच्या आधीच खुर्ची त्याला पुढं ढकलायला लागली. मी धरलं म्हणून, नाहीतर तोंडावर आपटला असता.

"साकु, साकु!" अण्णा ओरडला. बास, बास.

शोरूमला फोन केला. "एकदा विकलेला माल परत घेत नाही, सर."
आमच्या दुकानातही तीच पाटी होती.

मग मी त्याला समजावलं. "उठायला नाही तर नाही, आडवं व्हायला चांगली आहे की." तोही बिचारा माझं मन राखायला जेवण झालं की तिच्यात पडायला लागला.

एका दुपारी त्याचे पाय वर असतानाच करंट गेला.

दहा मिनिटं गेली. मग हळू आवाजात म्हणाला, "बाळू, मोरीत जायचंय."

मी ओढलं. उचलायला गेलो. खुर्ची उताणी, तो तिच्यात रुतलेला, माझं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. जमेना.

"शेजाऱ्यांना हाक मारतो."
"मारशील तर तोंड बघणार नाही तुझं."
"अण्णा, हट्ट करू नकोस."
"चार माणसं मला मोरीत नेणार? माझी शोभा करू नकोस."

दीड तास. मी खाली जमिनीवर बसलो, त्याचा हात धरून.

शेवटी धोतर ओलं झालं. ते तपकिरी कापडही. एकही डाग पकडणार नाही, असं मी सगळ्यांना सांगितलेलं कापड.

अण्णा वर छताकडं बघत होता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"बाळू, तू ठाण बघितलंस रे. गिऱ्हाईक बघितलंच नाहीस."

दुसऱ्या दिवशी दुकानातली लोखंडी मीटरपट्टी घरी आणली. त्याच्यापुढं उकिडवा बसलो आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. चाळीस वर्षांत त्याचे पाय मी नीट बघितलेच नव्हते. एवढेसे पाय, आणि घर सगळं त्यांच्यावर उभं.

बोळातल्या सुतारानं साधी लाकडी खुर्ची करून दिली. बैठक त्याच्या मापाची, हात भक्कम. ना बटण, ना करंट.

अण्णानं हात रोवले. एकदा अर्धा उठून परत बसला. दुसऱ्यांदा बसला. मी पुढं झालो तर डोळे वटारले.

तिसऱ्यांदा उठला.

भिंत धरत मोरीत गेला.
आणि आतून कडी लावली.

ती कडी मी दहा महिने ऐकली. शेवटचे आठ दिवस दार उघडंच होतं.

लाकडी खुर्ची आमच्या धाकट्या बहिणीनं, सुमननं नेली. ही मोठी मात्र चौकट पुन्हा काढल्याशिवाय बाहेर जाईना, म्हणून राहिली. कापड दोनदा बदललं. आता माझेही गुडघे गेले, तर मीच तिच्यात बसतो. पाय अगदी बरोबर टेकतात.

टेकणारच. मापच माझं घेतलं होतं.

पाच वाजले. मलाही आता मोरीत जायचंय. शेजारी हाकेच्या अंतरावर आहेत. हाक मारावी की नाही, त्याचा विचार करतोय. अण्णा, तू त्या दीड तासात काय काय विचार केला असशील, ते आज कळतंय.

तुला नमस्कार. उताण्या माणसाला जमतो तेवढा.

रेखा, सुमन, वाचलंत की लगेच दोन ओळी लिहा. उशीर करू नका.
करंट येईपर्यंत मी इथंच आहे.